जुन्या एमटीबीला (माउंटन बाइकला) नवीन गिअर केबल: रत्नागिरीतल्या एका छोट्या वर्कशॉपचा रिव्ह्यू, पावसाळा काढून झाल्यावर

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. समुद्राजवळ राहत असाल, सायकल जुनी असेल आणि गिअर मनाला येतील तसे पडत असतील तर डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) कशालाच हात लावू नका, आधी गिअरच्या केबल बदला, आणि बदलताना आतल्या वायरबरोबर बाहेरचं आउटर, म्हणजे वायर जिच्यातून जाते ती नळी, पण बदलाच. माझ्या सायकलचं एवढंच दुखणं होतं. ते काम मी मे महिन्याच्या शेवटी, मृगाच्या आधी, रत्नागिरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये करून घेतलं, आता दसरा होऊन गेला, अख्खा पावसाळा सायकल चालवून झाली आणि गिअर अजून तसेच चोख पडतायत. लगेच लिहिलं नाही कारण नवी केबल पहिल्या आठवड्यात कुणाचीही छानच चालते, खरं काय ते इथल्या पावसात आणि खाऱ्या हवेतच कळतं.

वर्कशॉपचं नाव टाकत नाही, ते चालवणाऱ्या काकांनीच सांगितलंय की टाकू नका, एकटा माणूस आहे, गर्दी झाली की काम घाईत होतं आणि घाईत केलेलं काम त्यांना आवडत नाही. रत्नागिरीत गिअरची सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारलंत तर पत्ता मिळेल.

सायकल म्हणाल तर साधी ॲल्युमिनियमची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), २६ इंची चाकं, पुढे ३ मागे ८, शिमानोचे ट्रिगर शिफ्टर, व्ही-ब्रेक. दहा वर्षांच्या वर झाली घेऊन. आता दुकानात गेलं की सगळीकडे २९ इंची आणि पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती), पण आमच्याकडच्या रस्त्यांना पुढे तीन असलेली सायकलच बरी असं माझं स्पष्ट मत आहे, खाडीपासून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, जायचं म्हटलं की उभी चढण असते आणि तिथे ती २२ दात्यांची छोटी चेनरिंगच कामाला येते. फ्रेम धड आहे, बेअरिंग धड आहेत, ही सायकल मला विकायची नव्हती आणि नाही.

त्रास असा की मागचे गिअर वर चढवताना, म्हणजे मोठ्या चकतीकडे जाताना, ठीक पडायचे, पण लहान चकतीकडे उतरताना क्लिक झालं तरी चेन तिथेच. अर्धा मिनिट काही नाही, मग रस्त्यात एखादा धक्का बसला की धाडकन एकदम दोन गिअर खाली. काळबादेवीवरून आरे-वारेच्या रस्त्याला तुम्ही गेला असाल तर माहितीय तो रस्ता कसा आहे, चढ संपला की लगेच उतार, उतार संपला की लगेच चढ, सतत गिअर बदलत राहायला लागतात. तिथे चढावर उभं राहून जोर लावलाय आणि चेन आपोआप उडी मारते हे नुसतं वैतागवाणं नाही, धोक्याचं आहे, गुडघा थेट हँडलवर आपटतो.

आता हे लक्षण नीट समजून घ्या कारण यावरूनच रोग कळतो. मोठ्या चकतीकडे जाताना आपण अंगठ्याने वायर ओढतो, तिथे आपल्या हाताचा जोर असतो, वायर घासत असली तरी ती येते. लहान चकतीकडे येताना शिफ्टर फक्त वायर सोडतो, तिला मागे ओढायचं काम डिरेलरमधल्या स्प्रिंगचं. स्प्रिंगची ताकद ठरलेली. वायर आउटरमध्ये कुठे अडकत असेल तर स्प्रिंग तिथे हरते. म्हणजे वर जाताना बरं आणि खाली येताना अडतंय असं असेल तर नव्वद टक्के वेळा वायर घासतेय, डिरेलर बिचारा ठीक असतो. आणि यात हिशोब किती बारीक आहे बघा, ८ स्पीडच्या कॅसेटमध्ये शेजारच्या दोन चकत्यांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ४.८ मिमी असतं आणि तेवढं सरकायला शिफ्टर एका क्लिकला फक्त २.८ मिमी वायर सोडतो. त्यातला एखादा मिलिमीटर जरी गंजाने धरून ठेवला तर चेन धड या चकतीवर नाही आणि धड त्या चकतीवर नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आधी एका दुकानात दाखवली तर त्यांनी हात न लावता उभ्या उभ्या सांगून टाकलं की सेट गेला, डिरेलर, शिफ्टर, कॅसेट, चेन सगळं नवीन टाका, आठ-दहा हजार होतील, त्यापेक्षा नवी सायकल का घेत नाही. दुसऱ्या एकाने नुसती आतली वायर बदलून दिली, ती पण साधी, आणि दोन-तीन आठवडे गिअर मस्त पडले आणि मग परत पहिले पाढे. हा दुसरा प्रकार फार जणांच्या बाबतीत होतो म्हणून मुद्दाम लिहितोय. वायर नवी टाकली की वाटतं काम झालं, आणि मग परत बिघडलं की वाटतं चला, म्हणजे वायरचा प्रश्न नव्हताच, डिरेलरच गेलाय. तिथून माणूस खर्चात पडतो.

काकांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आउटर कधी बदललंत?"

म्हटलं कधीच नाही, कंपनीचंच आहे.

"मग गिअरला कशाला दोष देताय? राहता कुठे तुम्ही, खाली बंदराकडे ना? बघू इकडे."

आणि मग त्यांनी जे केलं ते प्रत्येकाला घरी करता येण्यासारखं आहे, कुठलंही हत्यार लागत नाही. मागचं चाक उचलून पेडल फिरवत चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर नेली. पेडल थांबवलं. मग पेडल न फिरवता शिफ्टर टकटक करत सगळ्यात लहान चकतीच्या गिअरपर्यंत सोडला. चेन फिरत नाही म्हणून डिरेलर जागचा हलत नाही, पण शिफ्टरने वायर सोडून दिलेली, त्यामुळे वायर एकदम सैल. वायर सैल झाली की फ्रेमवरच्या खाचांमधून आउटरचे तुकडे अलगद बाहेर निघतात, आणि ते वायरवरून मागेपुढे सरकवून बघायचे. पुढचे दोन तुकडे बऱ्यापैकी सरकले. मागचा, डिरेलरमध्ये जाणारा तो गोल वळणाचा तुकडा, हलेचना. काकांनी एका हातात वायर आणि दुसऱ्या हातात तो तुकडा धरून जोर लावला तेव्हा कर्रकर्र आवाज करत सरकला आणि मागे वायरवर जवळजवळ वीतभर लांबीचा तपकिरी पट्टा दिसला.

तो तुकडा त्यांनी कापला आणि ब्लेडने उभा चिरून माझ्या हातात दिला. आत बघून खरंच धक्का बसला. गिअरच्या आउटरमध्ये बाहेरचं काळं प्लास्टिक, त्याच्या आत लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक पोलादी तारा, आणि सगळ्यात आत एक पातळ प्लास्टिकची नळी असते जिच्यातून वायर सरकते. या तारा तोंडापासून दोन-तीन बोटं आतपर्यंत पूर्ण गंजून गेलेल्या, बोटाने दाबलं तर तुटत होत्या, त्यांच्या गंजाने फुगून टोकाची टोपी तडकलेली, आणि आतल्या नळीत जांभ्याची लाल माती, जुनं ग्रीस आणि गंज यांची मशेरीसारखी पूड घट्ट बसलेली. आतून जाणारी वायर १९ बारीक तारा पिळून बनलेली असते, त्यातल्या दोन वळणाच्या जागी तुटून आउटरच्या नळीत रुतल्या होत्या. अशा नळीतून नवी वायर घातली तर ती किती दिवस टिकणार? मागच्या वेळच्या कामाचं काय झालं ते तिथेच कळलं.

हाच तुकडा का जातो तर तो चाकाच्या अगदी बाजूला, सगळ्यात खाली, पावसात मागच्या चाकाचा चिखल आणि पाणी त्याच्या तोंडावर, वायरवरून ओघळून आलेलं पाणी पण तिथेच आत शिरतं आणि वळण असल्यामुळे बाहेर यायला वाट नाही. देशावर हे पाणी वाळून जातं. आपल्याकडे हवेत मीठ, मीठ स्वतः ओलावा धरून ठेवतं, त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, वाळणार कधी? पुण्याच्या सायकलवाल्यांचे सल्ले वाचून की केबल दोन-तीन वर्षं आरामात जाते, इथे त्याच्यावर अवलंबून राहू नका.

मालाबद्दल आता. साधी वायर असते ती जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी. जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवतं पण खाऱ्या हवेत ते फार लवकर संपतं, मग खालचं पोलाद उघडं पडतं. स्टेनलेसची वायर महाग असते, माझ्या बिलात एका वायरला दीडशे-दोनशेच्या घरात लागले, पण किनाऱ्यावर साधी वायर घालणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं. त्याच्याही वर कोटिंगवाल्या वायरी मिळतात, पॉलिमरचा थर असतो, हाताला एकदम गुळगुळीत लागतात. काकांचा त्याला विरोध, म्हणाले कोटिंग घासून त्याचे केस निघतात आणि नळीत जमतात, आणि आपल्याकडे माती इतकी बारीक आहे की ते लवकर होतं. मी त्यांचं ऐकलं आणि साधी स्टेनलेस घेतली. ८ स्पीडच्या जुन्या सायकलला तेवढं खूप झालं.

आउटर शिमानोचं एसपी४१ टाकलं. ४ मिमी जाडीचं, आत आधीपासून सिलिकॉनचं ग्रीस भरलेलं येतं, रोलमधून मापाने कापून मिळतं. माझ्या सायकलला पुढचे-मागचे मिळून सव्वा-दीड मीटर लागलं. हे माझ्या मते या सगळ्या खर्चातलं सगळ्यात वसूल झालेलं. हात लावला की कळतं की कंपनीबरोबर आलेल्या आउटरपेक्षा हे ताठ आहे, वाकवताना जरा विरोध करतं, आणि तेच हवं असतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायचीय. गिअरचं आणि ब्रेकचं आउटर बाहेरून एकसारखं काळं दिसतं, गावातल्या दुकानात पुष्कळदा एकाच डब्यात पडलेलं असतं, पण ते एक नाही. ब्रेकच्या आउटरमध्ये, ते सहसा ५ मिमीचं, तार गोल गोल गुंडाळलेली असते. ब्रेक दाबताना प्रचंड ताण येतो तो ही गुंडाळी सहन करते, पण ताण आला किंवा हँडल वळलं की तिची लांबी थोडी कमी-जास्त होते. ब्रेकला त्याने फरक पडत नाही, गिअरला पडतो, मघाशी म्हटलं तसं इथे सगळा खेळ २.८ मिमीचा आहे. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस या त्यांच्या गिअर सेटवर इंडेक्स सिस्टिम, म्हणजे एका क्लिकला एक गिअर, आणलं आणि मग क्लिकवाले गिअर सगळीकडे पसरले, त्याआधी लिव्हर हाताने अंदाजाने सरकवायची, तेव्हा आउटर थोडं दबलं तरी माणूस हाताने सांभाळून घ्यायचा. क्लिकला ते चालत नाही म्हणून गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, त्या दबत नाहीत. पण त्यांना एकत्र धरून ठेवणारं फक्त प्लास्टिक असतं. म्हणून उलटं कधीही करू नका, गिअरचं साधं आउटर ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक मारताना ते फाटू शकतं आणि मग ब्रेकच राहत नाही. ब्रेकचं आउटर गिअरला लावलं तर गिअर बिघडतील, गिअरचं ब्रेकला लावलं तर जीव जाईल. दुकानदाराने कितीही सांगितलं चालतं चालतं, तरी नाही.

प्रत्यक्ष काम बघायला मी दुकानात बसलो होतो, काकांनी बसू दिलं आणि विचारलेलं सगळं सांगितलं, याचे वेगळे मार्क. आउटर कापायला त्यांच्याकडे खास केबल कटर आहे. पकडीने कापलं की आउटर चेपतं, आतली नळी बंद होते आणि नवीन माल पहिल्या दिवसापासूनच घासायला लागतो, हे मी आधी दुसरीकडे होताना पाहिलंय. कापल्यावर त्यांनी प्रत्येक टोक कानशीने सपाट केलं, मग दाभण घालून आतल्या नळीचं तोंड गोल उघडलं, मग टोपी घातली. सगळ्या तुकड्यांच्या दोन्ही टोकांना. एका टोकाला टोपी नसली तर त्या सरळ तारा खाचेतून हळूहळू पुढे सरकतात आणि गिअर रोज थोडे थोडे बिघडत जातात.

लांबी ठरवताना जुन्या तुकड्याचं माप तसंच घेतलं नाही हे मला आवडलं. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघितलं, मागचं वळण डिरेलरमध्ये सरळ शिरतंय की कोन करून शिरतंय ते बघून बोटभर लांब ठेवलं. कंपनीने तो तुकडा आखूड ठेवला होता असं त्यांचं म्हणणं, आणि नवीन बघितल्यावर मलाही ते पटलं, आता तो छान गोल वळण घेतो.

शिफ्टरमधून जुनी वायर काढताना थोडी गंमत झाली. शिफ्टर सगळ्यात मोठ्या आकड्यावर, म्हणजे लहान चकतीच्या गिअरवर ठेवायचा, बाजूचा छोटा स्क्रू काढायचा आणि वायर मागून ढकलायची, की तिचं डोकं बाहेर येतं. डोकं आलं, पण डोक्याजवळ एक तार तुटलेली आणि ती आतच राहिली. टॉर्च आणि चिमटा घेऊन काकांनी शांतपणे ती शोधून काढली, पंधरा-वीस मिनिटं गेली त्यात. दुसऱ्या कुणी शिफ्टर गेला म्हणून सांगितलं असतं, आणि ती तार आत तशीच राहिली असती तर शिफ्टर खरंच गेला असता.

मग सायकल उलटी केली. बीबीच्या खाली, म्हणजे पेडलच्या शाफ्टच्या खाली, एक प्लास्टिकचा गाइड असतो ज्याच्या खाचेतून दोन्ही वायरी वळतात, तिथे कुणी कधी बघत नाही. माझ्या गाइडची खाच दिसतच नव्हती, लाल चिखल आणि चेनचं तेल यांचा दगड झाला होता. तो खरवडून, रॉकेलने धुवून, कोरडा करून मगच वायर टाकली. तुम्ही कुणाकडूनही काम करून घ्या पण हा गाइड साफ केला का ते नक्की विचारा.

डिरेलरला वायर बांधताना बोल्टच्या खाली एक छोटी खाच असते, वायर त्याच खाचेत बसली पाहिजे, पलीकडून गेली तर वायर ओढण्याचं प्रमाण बदलतं आणि कितीही ट्यूनिंग करा, एक गिअर बरोबर आला की दुसरा जातो. हा बोल्ट किती जोराने आवळायचा त्याला शिमानो ५ ते ७ न्यूटन मीटर सांगते. काकांकडे तो जोर मोजणारा पाना, टॉर्क रेंच, नाही, ते हाताच्या अंदाजाने आवळतात. त्यांचा हात तयार आहे, वायर चेपली नाही आणि घसरली पण नाही, पण इतकं काटेकोर काम करणाऱ्या माणसाकडे टॉर्क रेंच असायला हवा असं मला वाटतं आणि मी ते त्यांना सांगितलंही. त्यानंतर चेनला हात न लावता उघड्या वायरी हाताने जोरात ओढून आउटर आणि टोप्या आपापल्या जागी बसवून घेतल्या, सैल पडली तेवढी वायर परत ओढून बांधली. लोक म्हणतात नवी वायर ताणते, काका म्हणाले वायर काय ताणते, टोप्या जागेवर बसतात. शेवटी टोकाला छोटी टोपी दाबली, तिच्याशिवाय वायरचं टोक विस्कटतं आणि पोटरीला टोचतं.

मागच्या डिरेलरचं सेटिंग एकदम फर्स्ट क्लास. दोन्ही लिमिट स्क्रू (चेन दोन्ही टोकांना कुठपर्यंत जाईल ते ठरवणारे) बघितले, मागे बसून हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर लटकतो तो तुकडा, वाकडा नाही ना ते डोळ्याने बघितलं, मग बॅरल ॲडजस्टर (वायरचा ताण कमी-जास्त करायची फिरकी) पाव पाव फेरा फिरवत आवाज जाईपर्यंत. पुढच्या डिरेलरबद्दल मात्र तक्रार आहे, मधल्या चेनरिंगवर असताना मागे मोठ्या चकतीवर गेलं की चेन त्या डिरेलरच्या पिंजऱ्याला घासत होती. ते दुकानात लक्षात आलं नाही, भाट्याचा पूल ओलांडून पावस गावाच्या रस्त्याला लागल्यावर लक्षात आलं. परत गेलो तर लगेच करून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण राजापूर-लांज्याकडून येणाऱ्या माणसाला परत यायला लागणं परवडणार नाही, त्यामुळे सायकल ताब्यात घेण्याआधी एक चढ चढून या. आणि माल कायम दुकानात नसतो. एसपी४१ चा रोल संपलेला होता, मागवायला आठवडाभर गेला. तिथे असलेलं दुसरं साधं आउटर टाकून मोकळे झाले असते तर मला कळलंही नसतं, त्यांनी स्वतःच थांबा म्हटलं.

खर्च दोन वायरी, आउटर, टोप्या आणि मजुरी सगळं धरून हजाराच्या आत. आठ-दहा हजारांच्या सल्ल्यापुढे हे ठेवून बघा.

आता पावसाळ्याचं. जूनपासून सायकल थांबवली नाही. पावस, गणेशगुळे, आरे-वारेवरून गणपतीपुळे हे नेहमीचे, आणि श्रावणात एकदा जयगडवरून फेरीबोटीने तवसाळला उतरून हेदवी, वेळणेश्वर करत गुहागरला. फेरीबोटीत सायकल कडेला लावलेली, खाडीचं पाणी उडत होतं तिच्यावर. हेदवीच्या पुढे एका चढावर मुसळधार पाऊस, रस्त्यावरून लाल पाणी वाहतंय, आणि मी मुद्दाम गिअर वर-खाली करून बघितले, एक क्लिक एक गिअर, वर जाताना पण आणि खाली येताना पण. आरे-वारेच्या चढावर आता उभं राहून निर्धास्त जोर लावतो, चेन जागची हलत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बॅरल ॲडजस्टर अर्धा फेरा घड्याळाच्या उलट फिरवावा लागला, मोठ्या चकतीकडे जायला जरा आळस करत होती म्हणून, त्यानंतर काही नाही. हे काम घरी हाताने होतं, हत्यार लागत नाही.

नवरात्रात परत ती वायर सैल करायची युक्ती वापरून मागचा तुकडा सरकवून बघितला. वायर पांढरी चकचकीत, नळीच्या तोंडाशी थोडी लाल माती, फडक्याने पुसली आणि पातळ तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन तेवढ्या भागाला लावला. जाड ग्रीस भरू नका, इथल्या दमट हवेत ते माती धरतं आणि घट्ट होतं. गंज सोडवायचे स्प्रे नळीत मारणारे लोक आहेत, त्याने आतलं कंपनीचं ग्रीस धुतलं जातं, दोन दिवस बरं वाटतं आणि मग आधीपेक्षा वाईट. टोप्यांपैकी एक प्लास्टिकची, चेनस्टेवरची (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीवरची), किंचित तडकलीय, ती बदलून घेणार आहे, पितळी टोपी मिळाली तर ती टाकीन. एसपी४१ च्या मालात मला सापडलेला कमकुवतपणा एवढाच की कापलेलं टोक उघडं राहिलं तर त्यातल्या तारा शेवटी पोलादीच आहेत, गंज धरणारच, म्हणून टोपीकडे लक्ष ठेवायचं.

किनाऱ्यावरून आलं की मी सायकलवर साधं गोडं पाणी ओततो, प्रेशरने नाही, तांब्याने, आणि पुसून ठेवतो. ठेवताना पुढे-मागे दोन्हीकडे लहान चेनरिंग, लहान चकती, म्हणजे वायर आणि स्प्रिंग दोन्ही सैल राहतात. हँडलजवळ आणि बीबीखाली ओलं राहू द्यायचं नाही.

घरी करायचं असेल तर करा, अवघड नाही, पण केबल कटर घ्या, ५ ची एलन की, कानस आणि दाभण लागेल. कटर घेण्याचे पैसे आणि दोन वेळची काकांची मजुरी जवळजवळ सारखीच होते. घरात दोन-तीन गिअरच्या सायकली असतील तर कटर परवडतो, एकच असेल तर काकांकडे जा.

जाताना एवढं सांभाळा, गणपतीत दहा-बारा दिवस आणि शिमग्यात आठवडाभर दुकान बंद असतं, ते गावी जातात. मे महिन्याच्या शेवटी मुंबईहून आलेल्या पोरांच्या सायकलींची गर्दी असते, तेव्हा दोन-तीन दिवस लागतात. आता दिवाळीपर्यंत मोकळे आहेत, आणि एसपी४१ चा नवा रोल येऊन पडलाय, परवाच बघून आलो.